हार्ट अ‍ॅटॅकनंतरचा पहिला प्रवास

हृदयविकाराच्या झटक्यातून उठलेला रुग्ण पहिले दोन-तीन महिने ठराविक प्रश्न विचारतो. जिना चढू का? अंडे चालेल का? मोटारसायकल कधीपासून चालवू? चौथ्या महिन्याच्या सुमारास मात्र खुर्ची जरा पुढे ओढून, आवाज खाली आणून तो विचारतो, "डॉक्टर, कुठं बाहेरगावी जाऊन येऊ का?" मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेला मुलगा किंवा सूनबाई बोलतात, "बघा ना डॉक्टर! आता या अवस्थेत कुठं निघालेत!"

या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. पण एवढे आधीच सांगतो, की झटका येऊन दोन-तीन महिने उलटले आहेत, प्रकृती स्थिर आहे, औषधे नियमित चालू आहेत, अशा बहुसंख्य रुग्णांच्या प्रवासाला हरकत नसते. हरकत असते ती आपल्या प्रवासाच्या पद्धतीला. पहाटे तीनला उठायचे, दोन्ही हातांत बॅगा घेऊन स्टेशनचा जिना पळत चढायचा, वाटेत लघवीला लागू नये म्हणून पाणी प्यायचे नाही, गोळी 'तिथं गेल्यावर घेऊ' म्हणून चुकवायची आणि एका दिवसात अकरा ठिकाणे उरकायची, ही ती पद्धत. याने धडधाकट माणूसही आजारी पडतो.

गेल्या वर्षीची हकिगत सांगतो. आमच्या भागातील एका हायस्कुलात तीस वर्षे भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक सर माझे जुने रुग्ण आहेत. वय बासष्ट. जूनच्या सुरुवातीला त्यांना झटका आला. घरच्यांनी वेळ न दवडता मिरजेला हलविले, त्याच रात्री अँजिओप्लास्टी होऊन स्टेंट बसला आणि पाचव्या दिवशी सर घरी आले. एक दुखणे आटोक्यात आले आणि घरात दुसरेच सुरू झाले. मुलाने त्यांची स्कूटर विकून टाकली. बाजारहाट बंद. देवळात जायचे तर नातू सोबत. रात्री कूस बदलली तरी पत्नी दचकून उठायची, "अहो, काही होतंय का?" ती माउली चार महिने सलग झोपली नव्हती. तिचे वजन पाच किलोने उतरल्याचे घरात कोणाच्या ध्यानातही नव्हते. मी सरांबरोबर तिलाही काट्यावर उभे केले तेव्हा कळले. सर पेपर वाचीनासे झाले. कोणी भेटायला आले की आत जाऊन पडायचे. तपासणीत 'पंपिंग' चांगले पन्नास टक्के होते, पण माणूस खचला होता.

हे काही एकट्या सरांचे नाही. झटक्यानंतर साधारण पाचांतील एका रुग्णाला ठळक नैराश्य येते आणि अशा रुग्णांची पुढची वाटचाल इतरांपेक्षा खडतर होते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. असा रुग्ण गोळ्या टाळतो, चालणे सोडतो, सोडलेल्या तंबाखूकडे परत वळतो. म्हणूनच रुग्ण आपण होऊन 'कुठंतरी जावंसं वाटतंय' म्हणाला, की मला ते सुधारणेचे लक्षण वाटते. घरच्यांना तो हट्ट वाटतो.

सरांना म्हैसूर पाहायचे होते. कावेरी, कृष्णराजसागर, चंदनाची जंगले हे सगळे त्यांनी तीस वर्षे फळ्यावर काढून दाखविले, पण पाहिले काहीच नव्हते. पत्नीला घेऊन जायचे ठरायचे आणि कधी मुलीचे लग्न, कधी घराचे कर्ज आडवे यायचे. मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर, आण्णांना तुम्हीच नाही म्हणून सांगा. आमचं ऐकत नाहीत." मुलाची भीती खोटी नव्हती. जूनमधली ती रात्र त्याने पाहिली होती. मी त्याला म्हटले, "तू म्हणतोस म्हणून नको आणि ते म्हणतात म्हणूनही नको. आपण जिन्याला विचारू."

जिन्याची परीक्षा

परीक्षा सोपी आहे. सपाटीवर रोज वीस-पंचवीस मिनिटे नेहमीच्या चालीने चालता आले पाहिजे आणि दोन मजल्यांचा जिना मध्ये न थांबता चढता आला पाहिजे. छातीत दुखणे, धाप, घेरी, धडधड यांपैकी काही होता कामा नये. शहर पाहताना सर्वसाधारणपणे जेवढा ताण हृदयावर येतो, तो दोन मजले चढण्याइतकाच असतो. तो घरी सोसला तर परगावीही सोसेल. हे पंधरा-वीस दिवस सातत्याने जमले पाहिजे. एकदा छाती फुगवून चढून दाखविले, याला अर्थ नाही.

सरांनी दसऱ्यापासून चालायला सुरुवात केली. आधी दहा मिनिटे, मग पंधरा. महिन्याभराने माझ्या दवाखान्याच्या इमारतीचे दोन मजले माझ्यादेखत चढले. नाडी, रक्तदाब, छाती सगळे ठीक. तरीही मी जनरल प्रॅक्टिशनर आहे. शेवटचा शब्द त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांचा. त्यांनी एको आणि पट्ट्यावर चालविण्याची चाचणी करून होकार दिला. दसऱ्याची गर्दी तोवर उलटून गेली होती, हेही बरेच झाले. म्हैसूरचा दसरा कितीही देखणा असला, तरी नुकत्याच बऱ्या झालेल्या हृदयाने त्या गर्दीत शिरू नये.

या परीक्षेला ज्यांनी बसूच नये, असेही रुग्ण आहेत. थोडे चालले की छातीत भरून येते, रात्री दोन-तीन उशा घेतल्याशिवाय झोपता येत नाही, पायांवर सूज आहे, नाडी चुकते, पंपिंग फारच कमी आहे किंवा अजून एखादी नळी उघडायची राहिली आहे, अशांनी तज्ज्ञांना विचारल्याशिवाय गाव सोडू नये. बायपास झालेल्यांची गोष्ट थोडी निराळी. छातीचे मधले हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर जड बॅग उचलणे, एस.टी.चा दांडा धरून लोंबकळणे किंवा वरच्या बर्थवर चढणे वर्ज्य. झटक्यानंतर हृदयाच्या इजा झालेल्या भागात व्रण पक्का व्हायला सहा ते आठ आठवडे जातात, म्हणून त्या काळात तर घाई नकोच.

ही घाई एका व्यापारी गृहस्थांनी केली होती. झटका आला तेव्हा तिरुपतीचा नवस बोलले होते. मी नको म्हणत असताना तिसऱ्या आठवड्यात गेले, आणि गाडीने वर जायची सोय असताना अलिपिरीहून पायी निघाले. त्या वाटेला साडेतीन हजारांवर पायऱ्या आहेत. उपास म्हणून सकाळच्या गोळ्याही घेतल्या नव्हत्या. अर्ध्या वाटेत फुप्फुसात पाणी झाले. देवाच्या दारी चांगले डॉक्टर भेटले म्हणून वाचले, पण त्यांचे हृदय पूर्वीसारखे झाले नाही. देवदर्शनाआधी काही खायचे नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. घोटभर पाण्याबरोबर गोळी घेतल्याने कोणत्याही देवाचा कोप होत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र गोळी किंवा इन्शुलिन घेऊन उपाशी राहू नये; रांगेत साखर उतरून चक्कर येते आणि बघणाऱ्याला वाटते, पुन्हा झटका आला.

ठिकाण कोणते निवडावे, हे यावरून लक्षात येईल. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटरवर आहे. आपल्या सांगली-मिरजेहून तिथे गेल्यावर हवेत विशेष फरक पडत नाही, हिवाळाही सोसवणारा. केदारनाथ साडेतीन हजार मीटरच्या वर, लेहही तसेच. तिथे प्राणवायू विरळ आणि थंडी कडाक्याची. पहिल्या सहलीला ती ठिकाणे नकोत. विमानाची अनेकांना उगीच धास्ती असते. विमानाच्या आतली हवा साधारण शिमल्याच्या उंचीवरच्या हवेइतकी विरळ ठेवलेली असते. जिन्याची परीक्षा पास झालेल्याला ती सोसते.

वाटेतल्या गोष्टी

मिरजेहून म्हैसूरला थेट रेल्वेगाड्या आहेत, रात्रीचा प्रवास होतो. रेल्वे मला एस.टी.पेक्षा आणि मोटारीपेक्षा बरी वाटते, कारण उठून चार पावले चालता येते आणि संडासाची सोय असते. ६० वर्षांवरील पुरुष आणि ४५ वर्षांवरील स्त्रियांना जागा शिल्लक असेपर्यंत खालचा बर्थ मिळण्याची सोय आरक्षणात आहे. वय बरोबर लिहावे. सामान हमालाकडे द्यावे. आयुष्यभर हमालाशी दोन रुपयांसाठी घासाघीस केलेल्या माणसाला हे जड जाते, पण हातात बॅग आणि समोर फलाटाचा जिना, यासारखा हृदयाला अचानक दणका दुसरा नाही. गाडी सुटण्याच्या तासभर आधी पोचा. लिफ्ट असेल तर शोधा.

दर तास-दीड तासाने उठून डब्यात फेरी मारावी, बसल्या जागी पावले वर-खाली करावीत. लांब प्रवासात पाय लोंबकळत ठेवून बसल्याने पायांतल्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा संभव असतो. पाणी तहानेप्रमाणे प्यावे, अर्थात ज्यांना पाणी मोजून प्यायला सांगितले आहे त्यांनी ते माप सांभाळूनच.

लघवीच्या गोळीबद्दल दोन शब्द अधिक लिहितो, कारण इथे फार लोक चुकतात. पायांवर सूज किंवा धाप असणाऱ्यांना ही गोळी दिलेली असते. प्रवासात सारखे उठावे लागेल म्हणून रुग्ण ती परस्पर बंद करतात. स्त्रिया तर हमखास. दोन दिवस जाताना, दोन दिवस येताना, मधले तीन दिवस 'फिरताना गैरसोय' म्हणून, असा आठवडा गोळीवाचून जातो. त्यात डब्यात शेंगदाण्याची चटणी, लोणचे, चिवडा. म्हणजे मिठाचा मारा. परतेपर्यंत चपला पायांत बसत नाहीत. गोळीची वेळ दोन-चार तास पुढेमागे करता येते, ती कशी हे निघण्यापूर्वी विचारा. मी सरांच्या पत्नीला एवढेच म्हटले, "वहिनी, दशम्या न्या, लोणचं घरी ठेवा."

औषधे दोन ठिकाणी ठेवावीत. एक संच पतीच्या खांद्यावरच्या पिशवीत, दुसरा पत्नीच्या पर्समध्ये. बर्थखालच्या बॅगेत एकही नको. चोरीला बॅग गेली की औषधही जाते. मुक्कामापेक्षा पाच-सहा दिवसांची जास्त घ्यावीत. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या स्टेंट बसविल्यानंतर साधारण वर्षभर तरी दोन-दोन चालू असतात; त्यांचा खंड पडला तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. परराज्यात कंपनीचे नाव निराळे असेल, म्हणून औषधाचे मूळ नाव चिठ्ठीवर लिहून न्यावे.

जुना कार्डिओग्राम सोबत हवाच

डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स बहुतेक जण नेतात. आपला सर्वांत अलीकडचा कार्डिओग्राम मात्र कोणी नेत नाही. झटका येऊन गेलेल्या हृदयाचा आलेख पुष्कळदा कायमचा बदललेला राहतो. परक्या शहरात साध्या पित्ताने छातीत जळजळले आणि तुम्ही दवाखान्यात गेलात, तर तिथल्या डॉक्टरांना आलेख बिघडलेला दिसतो. हा बिघाड जूनमधला की आत्ताचा, हे त्यांना कसे कळावे? जुना आलेख शेजारी ठेवला की मिनिटात उलगडा होतो. उलट खरोखर नवा झटका असेल, तर तोही लगेच ओळखू येतो आणि उपचाराचा वेळ वाचतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवाच, पण बॅटरी संपते, म्हणून कागदही न्या. आयुष्मान भारतचे कार्ड असल्यास तेही घ्यावे. ती योजना परराज्यातल्या संलग्न रुग्णालयांतही चालते.

उतरणार तिथून जवळचे हृदयरोगाचे रुग्णालय कोणते, हे निघण्यापूर्वीच विचारून ठेवावे. म्हैसूरला बंगळूरच्या जयदेव हृदयरोग संस्थेची शाखा आहे. रुग्णवाहिकेसाठी कर्नाटकातही १०८, गाडीत असताना १३९. आपल्याकडे अनेकांना मोडकेतोडके कानडी येते. ज्यांना येत नाही त्यांनी 'एदे नोवु' एवढे दोन शब्द शिकावेत. छातीत दुखते, असा त्याचा अर्थ.

आता दुखलेच तर काय? हातातले काम सोडून बसा. उभ्याने जिभेखाली गोळी ठेवू नका, तिने रक्तदाब उतरतो आणि माणूस कोसळतो. बसून ठेवा. पाच मिनिटांत दुखणे थांबले नाही तर रुग्णवाहिका बोलवा. लॉजवर जाऊन पडतो, उद्या गावी जाऊन आपल्या डॉक्टरांना दाखवतो, हा विचार मनात आणू नका. अशा वेळी अ‍ॅस्पिरीन चावून घ्यावी का आणि किती, हे आपापल्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यावे.

म्हैसुरातले चार दिवस

सर नोव्हेंबरअखेरीस गेले. मी त्यांच्याकडून एकच वचन घेतले होते, की सहलीच्या बसमध्ये बसायचे नाही. राजवाडा, प्राणिसंग्रहालय, चामुंडी, श्रीरंगपट्टण आणि रात्री वृंदावन गार्डन असे सगळे एका दिवसात दाखविणाऱ्या बसचा वाहक शिट्टी वाजवतो आणि मंडळी पळतात. त्यापेक्षा रिक्षा करावी, सकाळी एक ठिकाण, दुपारी झोप, संध्याकाळी जमले तर दुसरे. पोचल्याचा दिवस नुसता विश्रांतीचा.

राजवाड्यात वरच्या मजल्यावरच्या दरबारात जायला जिना चढावा लागतो. तो सावकाश, कठड्याला धरून. पादत्राणे बाहेर ठेवावी लागतात, तेव्हा मधुमेही मंडळींनी तळपायांची काळजी घ्यावी आणि परतल्यावर पाय नीट न्याहाळावेत. हा राजवाडा १९१२ साली पुरा झाला. जुना लाकडी वाडा १८९७ साली जळाला होता. रविवारी संध्याकाळी तो सुमारे लाखभर दिव्यांनी उजळतो आणि ते पाहायला चालावेही लागत नाही. चामुंडीच्या टेकडीला हजारेक पायऱ्या आहेत, पण वरपर्यंत गाडीरस्ताही आहे. प्राणिसंग्रहालय १८९२ सालचे, फार मोठे. तिथे बॅटरीवरच्या गाड्या मिळतात. मंगळवारी ते बंद असते.

चालताना आपली मर्यादा कशी ओळखावी? मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी फारशी वाढतच नाही, म्हणून ठोके मोजून उपयोग नसतो. चालता चालता शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आले, तर वेग ठीक. वाक्य तुटायला लागले की थांबा. जेवणानंतर दीड-दोन तास चढ नको. लोण्यात भिजलेल्या मसाला डोशाबद्दल सरांनी मला विचारले होते. एक खा, म्हटले, दोघांत. आणि म्हैसूरपाक गावी आणा, आम्ही खाऊ.

आणखी एक गोष्ट लिहितो, जी दवाखान्यात कोणी विचारत नाही. झटक्यानंतर पती-पत्नी महिनोन्‌महिने एकमेकांजवळ यायला घाबरतात. जिन्याची परीक्षा पास झालेल्याला ती भीती बाळगण्याचे कारण नाही. मात्र त्यासाठी बाजारात मिळणारी कोणतीही ताकदीची गोळी परस्पर घेऊ नये. तिच्या जोडीला जिभेखालची गोळी पोटात गेली, तर रक्तदाब इतका उतरतो की जीव जाऊ शकतो.

तिसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. मी मनातून चरकलो. पण ते सांगत होते, की कृष्णराजसागरच्या धरणाच्या नकाशात ते वर्षानुवर्षे नदीचे वळण चुकीच्या बाजूला काढत होते. मागून वहिनींचा आवाज आला, "डॉक्टरांना सांगा, काल रात्री मी एकदाही उठले नाही."

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर आणि काही खाण्यापूर्वी वजन करावे. निघतानाचे वजन लिहून ठेवलेले असावे. दोन किलोंहून अधिक वाढले असेल, तर ते डोशाचे नसून अंगात साठलेल्या पाण्याचे असण्याचा संभव आहे. त्याच दिवशी दाखवावे. घोट्यावर बोटाने दाबून खळगा राहतो का, तेही पाहावे. सरांचे वजन चारशे ग्रॅमने वाढले होते. वहिनींचे दीड किलोने.